पैसे आले, हे कोणी ठरवायचे?

ऑनलाइन दुकानातील प्रत्येक विक्रीच्या दोन नोंदी होतात. पैशांची नोंद बँका आणि पेमेंट कंपन्या यांच्या यंत्रणेत होते, तर ऑर्डरीची नोंद दुकानाच्या स्वतःच्या डेटाबेसात होते. आणि या दोन नोंदी वेगवेगळ्या मालकांच्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या संगणकांवर असल्यामुळे त्या एकाच क्षणी बदलतील अशी हमी कोणालाही देता येत नाही. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली परंतु दुकानाला त्याचा पत्ता नाही, या अवस्थेला ग्राहक 'पैसे कट झाले, पण ऑर्डर पडली नाही' असे म्हणतात, आणि ऑनलाइन विक्रीतील अनेक तक्रारी याच एका वाक्यात मावतात. वेब ॲपला पेमेंट जोडणे म्हणजे पैसे भरण्याचे बटण चालू करणे, असा सर्वसाधारण समज असला, तरी त्या कामातला अवघड भाग बटण दाबल्यानंतर सुरू होतो.

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरसारख्या शहरात हा प्रश्न केवळ संगणकशास्त्राचा राहत नाही. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या या शहरात भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी घडवणारे आणि पॉलिश करणारे लहान उद्योग गाळ्यागाळ्यांतून चालतात, इमिटेशन ज्वेलरीच्या कामावर अनेक घरे चालतात, आणि उत्तनच्या किनाऱ्यावर मासळी सुकवण्याचा जुना व्यवसाय आहे. असा उत्पादक घाऊक व्यापाऱ्याला वगळून थेट ग्राहकाला विकू पाहतो, तेव्हा त्याच्याकडे स्वतंत्र तंत्रज्ञान विभाग नसतो. एक प्रोग्रॅमर ॲप बांधून देतो आणि एक लेखापाल हिशेब पाहतो. या दोघांना पैशाकडे पाहण्याचे जे शिक्षण मिळालेले असते ते मुळातच भिन्न असते, कारण एकाला घटना घडताच तिची दखल घ्यायची सवय असते आणि दुसऱ्याला घटना सिद्ध झाल्याखेरीज ती न मानण्याची. पुढील संवादातील भांड्यांच्या उद्योगाचा वयस्क लेखापाल आणि त्याच उद्योगाचे ॲप बांधणारी तरुण प्रोग्रॅमर ही पात्रे कल्पित आहेत. त्यांच्या भूमिका मात्र प्रत्यक्ष व्यवहारात रोज एकमेकींसमोर येतात.

प्रोग्रॅमर : काका, ऑर्डर पक्की करण्याचा निर्णय वेबहुकवर सोपवावा, असे या ॲपच्या रचनेत धरले आहे. पेमेंट यशस्वी होताच गेटवे आपल्या सर्व्हरला कळवतो, सर्व्हर ऑर्डरीची स्थिती बदलतो, ग्राहकाला संदेश जातो आणि पॅकिंगच्या टेबलावर चिठ्ठी छापली जाते. या साखळीत माणसाने हात घालण्याची गरज उरत नाही.

लेखापाल : माणसाचा हात नको, हे मान्य. पण मॅडम, कळवणारा कोण आणि त्याच्या कळवण्याला किती किंमत द्यायची, हेही ठरले पाहिजे. बँकेच्या खात्यात रक्कम जमा दिसत नाही, तोवर हिशेबाच्या दृष्टीने पैसे आलेले नसतात. गेटवेचा निरोप हा शेवटी निरोपच आहे.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. रोजच्या बोलण्यात ज्याला सरसकट गेटवे म्हटले जाते, त्याचे रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दोन प्रकार केले : ग्राहकाचे पैसे दुकानाच्या वतीने स्वीकारून, ते बँकेतील एस्क्रो खात्यात, म्हणजे केवळ या कामासाठी राखलेल्या खात्यात, ठेवून नंतर दुकानाला देणारा तो पेमेंट ॲग्रिगेटर, आणि पैशाला हात न लावता केवळ तांत्रिक वाहतुकीची सोय करणारा तो पेमेंट गेटवे. लहान दुकानाचा संबंध बहुधा पहिल्याशी येतो, आणि पैसे काही काळ त्याच्या एस्क्रो खात्यात असतात, हे लेखापालाच्या शंकेमागचे वास्तव आहे. वेबहुक म्हणजे एखादी घटना घडताच एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरच्या ठरलेल्या पत्त्यावर स्वतःहून पाठवलेली विनंती. हे नाव जेफ लिंडसे या प्रोग्रॅमरने २००७ मध्ये रूढ केले. या विनंतीत पेमेंटचा क्रमांक, ऑर्डरीचा क्रमांक, घटनेचे नाव आणि रक्कम असते. ही रक्कम रेझरपेसारख्या सेवांत पैशांमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे १,४९९ रुपयांच्या डब्यांच्या संचासाठी १४९९०० हा आकडा येतो, आणि तो रुपये समजून जुळवणाऱ्या ॲपमध्ये पहिल्याच दिवशी गोंधळ होतो.

लेखापाल : निरोपच हवा असेल, तर ग्राहकाच्या मोबाइलवर 'पेमेंट यशस्वी' असे पान दिसते, तेच पुरे नाही का?

प्रोग्रॅमर : ते मुळीच पुरे नाही, आणि का पुरे नाही ते एका उदाहरणावरून दिसेल. समजा, विरार लोकलमधून चाललेली एखादी ग्राहक मीरा रोड सोडल्यावर हा डब्यांचा संच घेते. 'पैसे भरा' दाबताच ब्राउझर मागे पडतो आणि यूपीआयचे ॲप उघडते. ती पिन टाकते, बँक रक्कम वजा करते. तेवढ्यात फोन येतो, किंवा मोबाइलची मेमरी अपुरी पडल्यामुळे मागे पडलेला ब्राउझर बंद होतो. गाडी भाईंदरचे स्थानक सोडून वसईच्या खाडीवरील पुलावर पोचते, तोवर पैसे गेलेले असतात. पण ब्राउझरने आपल्या सर्व्हरला परत येऊन सांगायचे ते सांगितलेले नसते. तो निरोप पुढेही येणार नाही, कारण तो देणारे पानच आता अस्तित्वात नाही.

लेखापाल : आणि पान परत आलेच, तरी ते खरे कशावरून? काउंटरवर पेमेंटचा बनावट स्क्रीनशॉट दाखवून माल नेणारे असतातच.

प्रोग्रॅमर : तोच धोका येथेही आहे. यशस्वी पेमेंटच्या पानाचा पत्ता ज्याला ठाऊक आहे, तो पैसे न भरता तो पत्ता उघडू शकतो. म्हणून ब्राउझरवरून आलेल्या सांगण्यावर ऑर्डर पक्की होता कामा नये. ते सांगणे फार तर स्वाक्षरी तपासून ग्राहकाला 'थांबा, खात्री करत आहोत' हे दाखवण्यास उपयोगी पडते.

या मुद्द्यावर दोघांत मतभेद राहत नाही, आणि राहण्याचे कारणही नाही. वेबहुकच्या सत्यतेचा प्रश्न मात्र उरतो, कारण वेबहुकचा पत्ताही कोणाला तरी कळू शकतो. त्यासाठी एचमॅक नावाची पद्धत वापरतात, जिचे प्रमाणित वर्णन फेब्रुवारी १९९७ मध्ये आरएफसी २१०४ या दस्तऐवजात आले : संदेशाचा मजकूर आणि दोघांनाच ठाऊक असलेली गुप्त किल्ली यांच्यावर गणिती प्रक्रिया करून एक ठसा, म्हणजेच संदेशाची स्वाक्षरी, काढला जातो, पाठवणारा तो संदेशासोबत पाठवतो, आणि घेणारा तो स्वतः पुन्हा काढून ताडून पाहतो. या तपासणीत एक बारकावा आहे, ज्यापायी अनेक प्रोग्रॅमरांचे दिवस वाया जातात. ठसा काढायचा तो आलेल्या मूळ मजकुरावर, अक्षर न अक्षर तसाच ठेवून. मजकूर आधी उलगडून पुन्हा जुळवला, तर एखादी मोकळी जागा किंवा शून्य बदलते आणि खरा संदेशही खोटा ठरतो. अशा वेळी वैतागून तपासणीच बंद करून टाकण्याचा मोह होतो, आणि तसे केलेले ॲप वरवर उत्तम चालत राहते, हाच त्यातला सर्वांत मोठा धोका आहे.

लेखापाल : स्वाक्षरीने इतके सिद्ध झाले की निरोप गेटवेचाच आहे. पण निरोप आलाच नाही तर? त्यापेक्षा आपणच दर दहा सेकंदांनी गेटवेला विचारत राहावे. दुसऱ्याने सांगण्याची वाट पाहणारा माणूस आणि स्वतः चौकशी करणारा माणूस, यांत हिशेबात दुसराच बरा.

प्रोग्रॅमर : सर्वांनीच असे ठरवले तर काय होते, ते या देशाने पाहिले आहे. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय बंद पडले होते. व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा काही बँकांकडून झालेला मारा हे त्यामागचे कारण असल्याचे यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या विश्लेषणातून पुढे आले. त्यानंतर कॉर्पोरेशनने सदस्य बँकांना बंधन घातले की, एका व्यवहाराची स्थिती जास्तीत जास्त तीन वेळा आणि शक्यतो दोन तासांच्या आत विचारावी, आणि पहिली विचारणाही ठरावीक सेकंद उलटल्यावरच करावी. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. एवढ्या व्यवहारांत प्रत्येकाने दर दहा सेकंदांनी 'झाले का, झाले का' असे विचारायचे ठरवले, तर पैसे पोचवण्याऐवजी यंत्रणा उत्तरे देण्यातच गुंतून पडेल. हे बंधन बँकांसाठी असले, तरी गेटवेही दुकानांच्या विनंत्यांवर स्वतःच्या मर्यादा घालतातच.

लेखापाल : बंधन तीन वेळांचे आहे, मॅडम, शून्याचे नाही. ज्या संस्थेला या विचारणांचा एवढा त्रास झाला, तिनेही विचारणा बंद केली नाही, नियमात बसवली. याचा अर्थ असा की, केवळ निरोपावर विसंबून चालत नाही, हे तिलाही मान्य आहे.

लेखापालाचे हे उत्तर या वादातील निर्णायक उत्तर मानावे लागेल. निरोपाची वाट पाहणे आणि स्वतः विचारणे हे परस्परविरोधी मार्ग आहेत, अशी मांडणी प्रोग्रॅमिंगच्या शिकवण्यांतून वारंवार केली जाते, आणि ती दिशाभूल करणारी आहे. कारण पहिला मार्ग वेगासाठी आहे, तर दुसरा निरोप हरवल्यास लागणारा आहे, आणि निरोप कधी ना कधी हरवतोच. दुकानाचा सर्व्हर नवीन आवृत्तीसाठी दोन मिनिटे बंद असतो, डोमेनचे सुरक्षा-प्रमाणपत्र संपलेले असते, किंवा नव्या फायरवॉलने गेटवेच्या विनंत्या अडवलेल्या असतात. गेटवे अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात : रेझरपे सुमारे २४ तास, तर स्ट्राइप तीन दिवसांपर्यंत, आणि दोघेही दोन प्रयत्नांतले अंतर वाढवत नेतात. मात्र ही मुदत संपल्यावर प्रयत्न थांबतात आणि ती घटना कळवण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

प्रोग्रॅमर : पुन्हा प्रयत्न होतात, म्हणूनच दुसरी अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे हिशेबाच्या बाजूने फारसे पाहिले जात नाही. आपल्या सर्व्हरने निरोप घेतला, ऑर्डर पक्की केली. पण 'मिळाला' हे उत्तर गेटवेपर्यंत पोचण्याआधी जोडणी तुटली. गेटवेच्या दृष्टीने निरोप पोचलेला नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. आता त्याच पेमेंटचे दोन निरोप आले. हे टाळता येत नाही. बेभरवशाच्या मार्गावरून निरोप पाठवणाऱ्या दोन पक्षांना, कितीही उत्तरे-प्रत्युत्तरे झाली, तरी एकमेकांना सारे कळले आहे अशी पूर्ण खात्री कधीच होऊ शकत नाही. १९७५ च्या एका शोधनिबंधात हा प्रश्न मांडला गेला आणि पुढे जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये त्याला दोन सेनापतींचा प्रश्न असे नाव दिले. म्हणून निरोप एकदाच येईल असे वचन गेटवे देत नाहीत. किमान एकदा येईल, एवढेच वचन देतात.

लेखापाल : या प्रश्नाला व्यापाऱ्यांचे उत्तर फार जुने आहे. हुंडी वाटेत गहाळ झाली, तर तिच्याऐवजी दुसरी लिहून देत, तिला पेंठ म्हणत. तीही हरवली तर परपेंठ. प्रत्येक नव्या कागदात आधीच्या कागदाचा उल्लेख असे. त्यामुळे तीनही कागद पेढीवर येऊन पोचले, तरी पैसे एकदाच दिले जात. कागद किती आले याला महत्त्व नव्हते. कोणत्या देण्याचे आले, हे पाहिले जाई.

प्रोग्रॅमर : संगणकाच्या भाषेत याला आयडेम्पोटंट व्यवहार म्हणतात, म्हणजे एकच कृती कितीही वेळा केली, तरी परिणाम एकदाच व्हावा. प्रत्येक घटनेला गेटवे एक क्रमांक देतो. तो डेटाबेसात अशा रकान्यात लिहायचा की तोच क्रमांक दुसऱ्यांदा लिहिण्यास डेटाबेस स्वतःच नकार देईल.

या ठिकाणी जवळून पाहण्यासारखी एक चूक आहे. अनेक ॲपमध्ये आधी 'ही ऑर्डर पक्की झाली आहे का?' असे तपासतात आणि नसल्यास ती पक्की करतात. ब्राउझरचा निरोप आणि वेबहुक काही मिलिसेकंदांच्या अंतराने आले, तर दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी तपासतात, दोघींनाही 'नाही' असे उत्तर मिळते आणि दोघीही ऑर्डर पक्की करतात. परिणामी साठ्यातून एकाऐवजी दोन संच कमी होतात आणि दोन पावत्या निघतात. तपासणे आणि बदलणे या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवल्याचा हा दोष आहे. 'ज्या ऑर्डरीची स्थिती अजून प्रलंबित आहे, तिचीच स्थिती बदल, आणि बदलल्या किती ते सांग' असा एकच आदेश डेटाबेसाला दिला, तर दोन प्रक्रियांपैकी एकीला 'एक' आणि दुसरीला 'शून्य' हे उत्तर मिळते, आणि 'शून्य' मिळालेल्या प्रक्रियेने काहीही न करता बाजूला व्हायचे असते. चाचणीच्या वेळी एकच माणूस एकच बटण दाबत असल्यामुळे ही चूक सहसा दिसत नाही. ती दिवाळीच्या गर्दीत दिसते.

लेखापाल : त्या दुसऱ्या पावतीचा त्रास प्रोग्रॅमरला होत नाही, तो आमच्या टेबलावर येतो. पावती निघाली की जीएसटीचे दायित्व उभे राहते. ते रद्द करण्यासाठी क्रेडिट नोट काढावी लागते. मुळात पावती वेबहुक आल्याबरोबर निघावीच कशाला? वस्तूंच्या विक्रीत आगाऊ घेतलेल्या रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी लागत नाही. पैसे आले की ग्राहकाची आगाऊ रक्कम म्हणून जमा करावी, आणि पावती माल निघताना करावी.

प्रोग्रॅमर : हे मान्य, आणि तांत्रिकदृष्ट्याही हेच बरे. वेबहुकला काही सेकंदांत उत्तर द्यावे लागते. त्या वेळात पावतीची पीडीएफ बनवणे, ईमेल पाठवणे, कुरिअरकडे नोंद करणे असे सारे करू पाहिले, तर वेळ संपते आणि गेटवे निरोप पुन्हा पाठवतो. म्हणजे डुप्लिकेट निरोप आपणच ओढवून घेतो. त्यापेक्षा निरोप जसा आला तसा लिहून ठेवावा, 'मिळाला' म्हणावे, आणि बाकीचे काम रांगेत लावावे.

आता या संवादातला सर्वांत अवघड भाग येतो, आणि लहान दुकानांचे ॲप जेथे खऱ्या अर्थाने उघडे पडते तो भागही हाच आहे. पेमेंट एक तर यशस्वी होते किंवा अयशस्वी, असे बहुतेक ॲप धरून चालतात. भारतातील पेमेंट यंत्रणेत मात्र ग्राहकाची बँक, दुकानाची बँक, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन किंवा कार्डाचे नेटवर्क, आणि ॲग्रिगेटर असे अनेक दुवे असल्यामुळे, एखाद्या दुव्याने वेळेत उत्तर दिले नाही, तर पेमेंट तात्पुरते अयशस्वी धरले जाते आणि काही मिनिटांनी, कधी काही तासांनीही, ते प्रत्यक्षात यशस्वी झाल्याचे कळते. गेटवेंच्या परिभाषेत याला लेट ऑथरायझेशन, म्हणजे उशिरा मिळालेली मान्यता, असे म्हणतात.

प्रोग्रॅमर : पडद्यावर 'पेमेंट फेल' असे एकदा दाखवले, की ते प्रकरण मिटले असे धरावे. नंतर पैसे आल्याचे कळले, तर आपोआप परतावा द्यावा. नियम सोपा आहे आणि एकदा लिहिला की कायमचा चालतो.

लेखापाल : नियम सोपा आहे, पण ग्राहकाच्या बाजूने पाहा. तिच्या खात्यातून १,४९९ रुपये गेल्याचा बँकेचा संदेश तिच्याकडे आहे, आणि आपले पान म्हणते पेमेंट फेल. ती काय करेल? एक तर घाबरून दुसऱ्या कार्डावरून पुन्हा पैसे भरेल. मग एका ऑर्डरीवर दोन पेमेंट आली. किंवा आपल्यावरचा विश्वास उडून दुसरीकडे खरेदी करेल. मग वीस मिनिटांनी पहिले पेमेंट यशस्वी ठरल्यावर आपण माल पाठवला, तर तो तिला नकोच असेल. किंवा ती शांतपणे वाट पाहील, आणि आपण तिला माल देण्याऐवजी पैसे परत पाठवू. तीनही प्रसंगांत चूक एकच आहे : जे ठाऊक नव्हते, ते ठाऊक आहे असे आपण तिला सांगितले.

प्रोग्रॅमर : मग पडद्यावर काय दाखवायचे? 'माहीत नाही' असे लिहिलेले पान पाहून कोणता ग्राहक थांबेल?

लेखापाल : खातेवहीत जे कोणत्या खात्याचे ते कळत नाही, ते सस्पेन्स खात्यात ठेवतात. ते खाते असणे म्हणजे हिशेब चुकला असे नव्हे. ते खाते नसेल, तर माणूस ती रक्कम कुठेतरी ढकलून देतो, आणि तेव्हा हिशेब चुकतो. आपल्या ॲपला असे खाते नाही.

या प्रश्नावर लेखापालाची बाजू स्वीकारण्याखेरीज मार्ग दिसत नाही, आणि ती केवळ सावधगिरीची बाजू नाही. प्रलंबित ही स्थिती यशस्वी आणि अयशस्वी यांच्यामधली क्षणिक पायरी नसून स्वतंत्र, नाव असलेली आणि ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगायची स्थिती आहे : रक्कम तुमच्या खात्यातून गेली असल्यास पुन्हा भरू नका, अमुक वेळेपर्यंत ऑर्डर पक्की झाल्याचे कळवले जाईल, अन्यथा रक्कम परत येईल. असे वचन देता येते, कारण त्याला नियमाचा आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम गेली आणि व्यापाऱ्याला त्याची खात्री मिळाली नाही, तर यूपीआय आणि ऑनलाइन कार्ड-व्यवहार या दोन्हींत व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत गेली पाहिजे, आणि उशीर झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे.

प्रोग्रॅमर : प्रलंबित ही स्थिती मान्य केली, तर एक गोष्ट मात्र तांत्रिक बाजूने ठासून सांगावी लागेल. निरोप घडलेल्या क्रमाने येतील असे गेटवे सांगत नाहीत. ग्राहकाचा पहिला प्रयत्न फसला, दुसरा यशस्वी झाला, पण फसल्याचा निरोप वाटेत रेंगाळून नंतर आला, तर पक्की झालेली ऑर्डर पुन्हा अयशस्वी होईल. म्हणून कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जाता येते, हे आधीच ठरवून ठेवले पाहिजे. अयशस्वी ठरलेले पेमेंट नंतर यशस्वी होऊ शकते. यशस्वी झालेले पेमेंट अयशस्वी कधीच होत नाही. त्याचा फक्त परतावा होतो, आणि तो स्वतंत्र व्यवहार असतो.

लेखापाल : ही शिस्त हिशेबालाही रुचेल. जमा झालेली रक्कम खोडायची नसते. तिच्याविरुद्ध नावे नोंद करायची असते.

उशिरा आलेल्या मान्यतेवर माल पाठवावा की पैसे परत करावेत, याचे एकच उत्तर देता येत नाही. साठ्यात शेकड्याने असलेल्या डब्यांसाठी अर्धा तास थांबून ऑर्डर पक्की करणे योग्य ठरते. एकच नग असलेल्या इमिटेशन हारासाठी, तो दरम्यान दुसऱ्याने घेतला असल्यास, परतावा हाच मार्ग उरतो. मात्र हा निर्णय धंद्याचा आहे, प्रोग्रॅमचा नाही, आणि तो दुकानदाराने ॲप सुरू होण्यापूर्वी लेखी द्यायला हवा. प्रोग्रॅमरने तो स्वतःच्या सोयीने परस्पर घेऊन टाकावा आणि दुकानदाराला तो पहिल्या भांडणाच्या दिवशी कळावा, हे बहुतेक ठिकाणी घडते आणि ते घडता कामा नये.

लेखापाल : आता शेवटचा मुद्दा. वेबहुक १,४९९ म्हणतो. बँकेत किती येतात?

प्रोग्रॅमर : शुल्क वजा होऊन येतात, हे माहीत आहे.

लेखापाल : समजा, कार्डावर दोन टक्के शुल्क आहे. ते २९ रुपये ९८ पैसे. बँकेत येणार १,४६९ रुपये २ पैसे. आणि तेही सुटे नाहीत, त्या दिवसाच्या सगळ्या विक्रीची, परतावे वजा केलेली, एक ठोक रक्कम. यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून व्यापारी-सवलत दर, म्हणजे व्यवहारामागे व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क, शून्य आहे, तरी ॲग्रिगेटर स्वतःच्या सेवेचे शुल्क घेऊ शकतो, म्हणजे त्याचे गणित आणखी वेगळे. बँकेतील ठोक रकमेतून एकेक ऑर्डर ओळखायची, तर सेटलमेंटचा अहवाल, म्हणजे ॲग्रिगेटरने कोणत्या पेमेंटचे किती पैसे कोणत्या दिवशी दिले याची यादी, ॲपच्या नोंदींशी रोज जुळली पाहिजे. वेबहुक हरवला, दोनदा आला, स्वाक्षरी न तपासता घेतला, काहीही झाले, तरी ते या जुळवणीत उघडे पडते.

प्रोग्रॅमर : म्हणजे दिवसा वेबहुक, काही मिनिटांनी प्रलंबित ऑर्डरींची मोजकी विचारणा, आणि रात्री सेटलमेंटशी जुळवणी. तीन थर झाले. लहान गाळ्यासाठी हे फार होत नाही का?

लेखापाल : रात्रीची जुळवणी हाताने झाली तरी चालेल, ती झालीच पाहिजे, एवढाच आग्रह आहे.

प्रोग्रॅमरचा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खोटा नाही. तरीही मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान विक्रेत्यालाच या तीन थरांची अधिक गरज असते, कारण त्याच्याकडे तक्रारी झेलणारे कॉल सेंटर नसते आणि एका चुकीच्या ऑर्डरीतून जाणारा नफा भरून काढायला हजारो ऑर्डरी नसतात. शिवाय ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात करावे लागते. 'पैसे कट झाले' अशी तक्रार आल्यावर ग्राहकाने सांगितलेला बँकेचा बारा अंकी संदर्भ क्रमांक ॲपमध्ये टाकून त्या पेमेंटचा प्रत्येक निरोप, त्याची वेळ आणि मूळ मजकूर समोर येत असेल, तर हे सहज जमते. वेबहुक वाचून फेकून देणाऱ्या ॲपमध्ये मात्र दुकानदाराजवळ ग्राहकाला सांगण्यासारखे काहीच नसते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात, त्यामुळे हे साठवणे चैनीचे मानता येत नाही.

तेव्हा पैसे आले, हे वेबहुकने सुचवावे, विचारणेने पडताळावे आणि सेटलमेंटने शाबीत करावे. ॲपमधील ऑर्डरीची स्थिती या तिन्हींपैकी कोणत्या पायरीवर आहे, हे प्रत्येक नोंदीत लिहिलेले असावे. भाईंदरच्या गाळ्यातून असो वा उत्तनच्या किनाऱ्यावरून, स्वतःचे ऑनलाइन दुकान काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने ॲप ताब्यात घेण्यापूर्वी ते बनवणाऱ्याकडून तीन गोष्टी प्रत्यक्ष करून घ्याव्यात : एकच वेबहुक दोनदा पाठवून एकच ऑर्डर होते का ते पाहावे, पेमेंटच्या मध्येच ब्राउझर बंद करून ऑर्डर पक्की होते का ते पाहावे, आणि सर्व्हर बंद ठेवून भरलेले पेमेंट तो सुरू झाल्यावर सापडते का ते पाहावे. गेटवेंच्या चाचणी-खात्यात खरे पैसे न भरता हे सारे करता येते. रिझर्व्ह बँकेने ठरवलेली रोजची १०० रुपयांची भरपाई पैसे परत करण्यातील उशिरासाठी आहे. पैसे नीट पोचूनही दुकानाच्या डेटाबेसात अडकून राहिलेल्या ऑर्डरीसाठी असा कोणताही दर त्या परिपत्रकात नाही, आणि तिची जबाबदारी सर्वस्वी दुकानदाराची आहे.